‘तेच’ आणि ‘तसेच’

पोलादाच्या एका तुकड्याचे काठिण्य ६० आहे असे कोणी सांगितले, तर आपल्याला काय कळते? खरे तर काहीच नाही. रॉकवेल पद्धतीच्या ‘सी’ मोजपट्टीवर ६० म्हणजे पाणी दिलेले, कानस घासली तरी ओरखडा न उठणारे पोलाद. त्याच रॉकवेल पद्धतीच्या ‘बी’ मोजपट्टीवर ६० म्हणजे सहज वाकवता येईल असे मऊ पोलाद. विकर्स पद्धतीने मोजले तर पहिल्या तुकड्याचा आकडा सुमारे ७०० येतो आणि दुसऱ्याचा शंभराच्या थोडा वर. खनिजांच्या धड्यात आपण शिकवतो ती मोह्‌सची श्रेणी तर आणखी निराळी. तिच्यात शंखजिऱ्याला १ आणि हिऱ्याला १०. पण हे आकडे परीक्षेतील गुण नव्हेत, ते वर्गातील क्रमांक आहेत. नवव्या क्रमांकाचा कुरुविंद आणि दहावा हिरा यांच्यात एकाच पायरीचे अंतर दिसते, पण दाब देऊन मोजले तर हिरा तीन-चार पट कठीण भरतो.

आकड्यांचे असे, तर शब्दांचे काय? रोजच्या बोलण्यात आपण कठीण, टणक, बळकट, चिवट, ताठर हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. शास्त्रज्ञाला मात्र काठिण्य, बळकटी, चिवटपणा आणि ताठरपणा हे चार वेगळे गुण वाटतात. काच टणक असते पण चिवट नसते, हे फुटलेला पेला पाहून कोणीही मान्य करील.

माणसाचे अशा गोंधळातही निभावते. गवंड्याने ‘चुना आण’ म्हटले की मदतनीस काय आणायचे ते ओळखतो. भट्टीतून निघतो तो कळीचा चुना म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड. पाण्यात विरवल्यावर तो कॅल्शियम हायड्रॉक्साइड होतो. भिंतीवर काही दिवस राहिला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचे कॅल्शियम कार्बोनेट होते. संयुगे तीन, शब्द एक. संदर्भ डोळ्यांसमोर असल्याने घोटाळा होत नाही. संगणकाच्या डोळ्यांसमोर संदर्भ नसतो. त्याला तो कोणीतरी लिहून द्यावा लागतो. गेली पंचवीस वर्षे हे लिहून देण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. द्रव्यविज्ञान, म्हणजे ज्याला इंग्रजीत मटेरियल्स सायन्स म्हणतात, त्या क्षेत्रात त्यांचा बराच गाजावाजा झाला आहे. त्यातून काय साधले आणि काय साधले नाही, याची तपासणी या लेखात आम्ही करणार आहोत.

यंत्राला अर्थ कसा सांगायचा?

२००१ साली टिम बर्नर्स-ली, जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला या तिघांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात एक लेख लिहिला. बर्नर्स-ली हे वर्ल्ड वाइड वेबचे जनक. त्यांची कल्पना अशी होती की वेबवरील माहिती केवळ माणसाला वाचता येण्याजोगी न राहता यंत्रालाही ‘समजेल’ अशी असावी. या कल्पनेला त्यांनी सिमँटिक वेब असे नाव दिले. सिमँटिक म्हणजे अर्थाशी संबंधित.

यामागची युक्ती सोपी आहे. प्रत्येक विधान तीन भागांत मांडायचे: एक वस्तू, एक संबंध आणि दुसरी वस्तू. ‘पितळ – हा प्रकार आहे – मिश्रधातूचा.’ ‘मिश्रधातू – हा प्रकार आहे – धातूचा.’ ‘धातू – वाहक आहे – विजेचा.’ अशी तीन विधाने दिली की पितळातून वीज वाहते हे चौथे विधान यंत्र स्वतःच काढते. आपण वर्गात तर्क शिकवतो तो हाच. मात्र यासाठी प्रत्येक शब्दाचा अर्थ आणि इतर शब्दांशी त्याचे नाते आधी ठरवून ठेवावे लागते. अशा ठरवलेल्या शब्दांच्या जाळ्याला ऑण्टॉलॉजी म्हणतात. आपण तिला अर्थकोश म्हणू.

द्रव्यविज्ञानाला ही कल्पना आवडली यात नवल नाही. नवे द्रव्य प्रयोगशाळेतून बाजारात यायला साधारणपणे दहा ते वीस वर्षे लागतात. हा काळ निम्म्यावर आणावा या हेतूने २०११ साली अमेरिकी सरकारने ‘मटेरियल्स जीनोम इनिशिएटिव्ह’ ही मोहीम सुरू केली. त्याच वर्षी बर्कले येथून ‘मटेरियल्स प्रोजेक्ट’ हा गणिताने काढलेल्या गुणधर्मांचा संग्रह सर्वांसाठी खुला झाला. युरोपात ‘एम्मो’ नावाचा द्रव्यविषयक अर्थकोश तयार झाला. २०१६ साली शास्त्रज्ञांच्या एका मोठ्या गटाने वैज्ञानिक माहितीसाठी चार कसोट्या मांडल्या: ती सापडावी, मिळावी, दुसऱ्या माहितीशी जुळावी आणि पुन्हा वापरता यावी. चारही इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे मिळून ‘फेअर’ हा शब्द होतो. आज युरोप-अमेरिकेत संशोधनासाठी अनुदान मागताना या कसोट्यांचा उल्लेख बहुधा करावाच लागतो.

या चार कसोट्या आम्हाला मान्य आहेत. पण त्यांत एक शब्द नाही, तो म्हणजे ‘बरोबर’. चुकीचे माप अत्यंत नीटनेटके मांडले, तर ते सापडेल, मिळेल, जुळेल आणि पुन्हा पुन्हा वापरलेही जाईल.

एक यशस्वी उदाहरण

आधी यशाची बाजू पाहू, कारण ती थोडी विसरली गेली आहे. सिमँटिक वेब हा शब्द रूढ होण्याच्या दहा वर्षे आधी, १९९१ साली, स्फटिकशास्त्रज्ञांनी स्वतःसाठी एक अर्थकोश केला. आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघटनेने पुरस्कारलेल्या या पद्धतीला ‘सिफ’ म्हणतात. एखाद्या स्फटिकाची रचना क्ष-किरणांनी शोधली की ती कशी लिहायची याचे हे नियम आहेत.

सिफमध्ये प्रत्येक राशीला ठरलेले नाव आहे. स्फटिकाच्या मूळ पेटीची लांबी अँगस्ट्रॉममध्येच लिहायची, तापमान केल्व्हिनमध्येच. मापातील अनिश्चितता आकड्यापुढे कंसात द्यायची. रिकाम्या जागेचेही दोन प्रकार आहेत. माहिती असायला हवी होती पण आपल्याला ती ठाऊक नाही, तेथे प्रश्नचिन्ह लिहायचे. तो प्रश्नच येथे लागू नाही, तेथे टिंब द्यायचे. ‘माहीत नाही’ आणि ‘लागू नाही’ यांतला फरक किती विद्यार्थ्यांच्या, आणि किती शास्त्रज्ञांच्या, वह्यांत दिसतो?

याचा फायदा काय झाला? केंब्रिज येथे १९६५ साली सुरू झालेल्या सेंद्रिय आणि धातुसेंद्रिय स्फटिकांच्या संग्रहाने २०१९ साली दहा लाख रचनांचा टप्पा ओलांडला. या रचना एकमेकींशी ताडून पाहता येतात. सिफची तपासणी करणारी संगणक-प्रणाली विसंगती दिसताच इशारा देते. २०१० साली ‘ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका’ या नियतकालिकाच्या ‘ई’ विभागाने सत्तर रचना मागे घेतल्या. अस्सल मापांच्या एकाच संचावर एखाद-दुसरा अणू बदलून ‘नवी’ संयुगे दाखवली गेली होती. माहिती ठरलेल्या साच्यात उपलब्ध होती, म्हणूनच ही लबाडी पकडता आली.

हे यश कशामुळे मिळाले? तंत्रज्ञान भारी होते म्हणून नव्हे. सिफची फाइल म्हणजे साधा मजकूर, कोणत्याही संगणकावर उघडता येईल असा. यश मिळाले ते तीन कारणांनी. अर्थ ठरवणारे लोक स्वतः रोज ती मापे घेणारे होते. विषय मर्यादित होता. आणि नियम पाळल्याशिवाय निबंध छापायचा नाही, असा आग्रह त्यांच्या नियतकालिकांनी धरला. नंतरच्या अनेक अर्थकोशांत या तिन्ही गोष्टींची उणीव आहे. ते बहुधा संगणकाच्या जाणकारांनी, सगळ्या द्रव्यांसाठी, आणि कोणावरही बंधन नसलेल्या स्वरूपात केलेले असतात. त्यामुळे कोशांची संख्या वाढते, वापरणाऱ्यांची तेवढी वाढत नाही.

कारखान्यातले ‘तसेच’

आता उद्योगाकडे वळू. पिंपरी-चिंचवडच्या किंवा कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणाऱ्याला ‘ईएन आठ’ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. मध्यम कार्बनचे हे पोलाद, दांडे आणि बोल्ट यांसाठी नेहमीचे. हे नाव जुन्या ब्रिटिश प्रमाणातले. ब्रिटनमध्ये पुढे त्याला ‘०८०एम४०’ म्हणू लागले, पण आपल्याकडे जुनेच नाव टिकले. भारतीय प्रमाणात त्याच्या जवळचे पोलाद ‘४०सी८’, तर अमेरिकन पद्धतीत ‘१०४०’. भरीस भर म्हणून, ‘ईएन’ ही अक्षरे आज युरोपीय प्रमाणांच्या क्रमांकांपुढेही लावली जातात आणि त्यांचा या जुन्या नावाशी काही संबंध नाही.

ही पोलादे एकच आहेत काय? ब्रिटिश प्रमाणानुसार त्यात मँगनीज १ टक्क्यापर्यंत चालते, अमेरिकन प्रमाणानुसार ०.९ टक्क्यापर्यंत. कार्बनच्या मर्यादाही किंचित वेगळ्या. पोलादाला पाणी देताना काठिण्य किती खोलवर उतरेल हे मँगनीजवरही अवलंबून असते. जाड दांड्याच्या बाबतीत हा फरक महत्त्वाचा ठरू शकतो, बारीक खिळीच्या बाबतीत कदाचित ठरणार नाही. अनुभवी फोरमन म्हणतो, ‘तेच नाही, पण तसेच आहे. या जॉबला चालेल.’ या छोट्या वाक्यात फार मोठे ज्ञान साठवलेले आहे. कोणत्या कामाला चालेल हे त्यात आहे, आणि कोणत्या कामाला चालणार नाही याची जाणीवही आहे.

अर्थकोशाची भाषा या वाक्याचे काय करते? २००४ साली प्रमाण म्हणून मान्य झालेल्या ‘आउल’ या भाषेत दोन नावे एकाच वस्तूची आहेत हे सांगणारा ‘सेम ॲज’ हा संबंध आहे. त्याचा अर्थ काटेकोर आहे: पहिल्याबद्दल जे खरे ते सर्व दुसऱ्याबद्दलही खरे. म्हणजे निखळ ‘तेच’. प्रत्यक्षात मात्र दोन माहितीसंग्रह जोडताना लोकांनी हा संबंध ‘तसेच’ या अर्थाने मुक्तहस्ते वापरला आहे. मग पहिले पोलाद म्हणजेच दुसरे, दुसरे म्हणजेच तिसरे, तिसरे म्हणजेच चौथे अशी साखळी तयार होते आणि यंत्र निमूटपणे पहिल्याचे गुणधर्म चौथ्याला चिकटवते. मुलांच्या कानगोष्टींच्या खेळात शेवटच्या मुलाच्या तोंडून जे निघते, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की येथे कोणी हसत नाही, कारण चूक दिसतच नाही.

न्याय्य बोलायचे तर दोष भाषेचा नाही. २००९ साली मान्य झालेल्या ‘स्कॉस’ या पद्धतीत ‘तंतोतंत जुळणारे’ आणि ‘जवळपास जुळणारे’ असे वेगळे संबंध उपलब्ध आहेत. साधन आहे, पण ते वापरायला प्रत्येक जोडीपाशी थांबून विचार करावा लागतो. ‘जवळपास’ म्हणजे कोणत्या कामापुरते, हे तर फोरमनलाच विचारावे लागते. जोडणी झटपट करून दाखवण्याच्या घाईत नेमके तेच राहून जाते.

नवे द्रव्य म्हणजे काय?

‘तेच’ आणि ‘तसेच’ यांची गल्लत किती महागात पडते, याचे अलीकडचे उदाहरण २०२३ सालच्या नोव्हेंबरमधले आहे. त्या महिन्यात ‘नेचर’ या साप्ताहिकात दोन निबंध एकत्र प्रसिद्ध झाले. पहिला गूगल डीपमाइंड या कंपनीच्या संशोधकांचा. त्यांच्या ‘नोम’ या प्रणालीने २२ लाख नव्या स्फटिकरचना सुचवल्या होत्या. त्यांपैकी सुमारे ३ लाख ८० हजार टिकाऊ असाव्यात, असा गणिताचा निष्कर्ष होता. दुसरा निबंध कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेचा. तेथील ‘ए-लॅब’ या यंत्रमानव चालवत असलेल्या प्रयोगशाळेने १७ दिवस अखंड काम करून ५८ नियोजित संयुगांपैकी ४१ नवी संयुगे बनवली, असा दावा त्यात होता. चूर्ण मिसळणे, भट्टीत घालणे, क्ष-किरणांनी तपासणे आणि निकालावरून पुढचा प्रयोग ठरवणे, सगळे यंत्राने केले होते.

बातमी जगभर गेली. पण काही आठवड्यांतच लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील रॉबर्ट पालग्रेव्ह आणि प्रिन्स्टनमधील लेस्ली शूप यांच्यासह काही रसायनशास्त्रज्ञांनी ए-लॅबच्या क्ष-किरण आलेखांची एकेक करून तपासणी केली. त्यांचे विश्लेषण २०२४ साली ‘पीआरएक्स एनर्जी’ या नियतकालिकात आले. त्यांचा निष्कर्ष असा की त्या कामात एकही नवे द्रव्य सापडलेले नाही. यशस्वी म्हणून नोंदवलेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश पदार्थ हे बहुधा आधीच माहीत असलेल्या संयुगांची ‘अव्यवस्थित’ रूपे होती.

अव्यवस्थित म्हणजे काय, हे पितळाच्या उदाहरणाने समजते. तांबे आणि जस्त यांचे अणू निम्मे-निम्मे घेतले तर जे पितळ होते, त्यात सुमारे ४६० अंश सेल्सियसच्या खाली अणू शिस्तीत बसतात. घनाच्या कोपऱ्यावर तांबे, मध्यभागी जस्त. त्यापेक्षा अधिक तापवले की शिस्त मोडते. कोणत्याही जागी तांबे किंवा जस्त, दोन्हींची शक्यता सारखी. वर्गात मुलांना एक बाक मुलींचा, एक बाक मुलांचा असे बसवणे आणि ‘बसा कुठेही’ म्हणणे, यांत जो फरक तोच हा. पटावरची नावे तीच, वर्ग तोच, मांडणी वेगळी. शिवाय तांब्यात २९ आणि जस्तात ३० इलेक्ट्रॉन असल्याने क्ष-किरणांना दोघे जवळजवळ सारखेच दिसतात. शिस्त आहे की नाही हे नीट ओळखायला न्यूट्रॉनांचे झोत वापरावे लागतात. म्हणजे काही वेळा ‘तेच’ की ‘तसेच’ हे सांगण्याची शक्ती आपल्या उपकरणातच नसते.

ए-लॅबला ज्या संग्रहातून लक्ष्ये मिळाली, त्यातील गणिताने काढलेल्या रचना शिस्तीतल्या असतात. प्रत्येक जागी एकच ठरलेला अणू. निसर्गात मात्र सारख्या आकाराचे दोन धातू उंच तापमानाला एकत्र आले की ते अनेकदा जागा वाटून घेतात. यंत्राने अमुक शिस्तीची रचना ‘नवी’ म्हणून मागितली. भट्टीतून बाहेर आली ती जुनीच, बेशिस्त रचना. आलेख जवळपास जुळला आणि यंत्राने ‘तेच’ असा शेरा मारला. गंमत अशी की आपण वर पाहिलेल्या सिफमध्ये एखादी जागा दोन अणूंनी किती प्रमाणात वाटून घेतली हे लिहायची सोय पहिल्यापासून आहे. स्फटिकशास्त्रज्ञांना जे महत्त्वाचे वाटले होते, ते नव्या संग्रहांच्या चौकटीतून गळले.

बर्कलेच्या गटाचे म्हणणेही नोंदवले पाहिजे. स्वयंचलित प्रयोगशाळा काय करू शकते हे दाखवणे हा आपला मुख्य हेतू होता, आणि आलेखांचे अधिक बारकाईचे विश्लेषण अनुभवी माणूस करू शकतो, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या यंत्राचे कौतुक आम्हालाही आहे. पण ‘नवे’ या शब्दाची जबाबदारी यंत्रावर टाकता येत नाही.

नोमच्या यादीवर २०२४ साली सांता बार्बरा येथील अँथनी चीथम आणि राम शेषाद्री यांनी ‘केमिस्ट्री ऑफ मटेरियल्स’मध्ये टीका केली. तिचा एक मुद्दा थेट शब्दार्थाचा होता. ही यादी सुचवलेल्या संयुगांची आहे, द्रव्यांची नव्हे. संयुगाने काही उपयोगी गुण दाखवला तरच त्याला द्रव्य म्हणावे, असे त्यांचे मत. यादीत प्रोमेथियम, ॲक्टिनियम, प्रोटॅक्टिनियम यांसारखी दुर्मीळ किरणोत्सारी मूलद्रव्ये असलेली पुष्कळ संयुगे होती. ती बनवणार कोण आणि कशासाठी? आमच्या मते ही टीका रास्त आहे. ‘संयुग’ आणि ‘द्रव्य’ हे दोन शब्द वेगळे ठेवले असते, तर २२ लाखांचा आकडा कमी चमकदार आणि अधिक उपयोगी ठरला असता.

जे लिहिलेच गेले नाही

येथे कोणी म्हणेल की अर्थकोशांचा हा खटाटोप आता हवाच कशाला? मोठमोठ्या भाषिक प्रणाली लाखो निबंध वाचून शब्दांचे अर्थ आपले आपण शिकतात. हे बरेचसे खरे आहे. ‘चुना’ म्हणजे तीनपैकी कोणता, हे अशी प्रणाली आजूबाजूच्या वाक्यांवरून अनेकदा बरोबर ओळखते. पण ती वाचते ते लिहिलेले. न लिहिलेल्याचे काय?

अमेरिकेत ‘फॉगबँक’ या सांकेतिक नावाचे एक द्रव्य आहे. एका प्रकारच्या अण्वस्त्रांसाठी ते टेनेसी राज्यातील ओक रिज येथे १९७५ ते १९८९ या काळात बनवले जात होते. त्याची घडण गुप्त आहे. २००० सालानंतर त्या अस्त्रांच्या डागडुजीसाठी ते पुन्हा हवे झाले, तेव्हा कोणालाच ते बनवता येईना. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००९ च्या अहवालात कारण दिले: कृतीच्या नोंदी फारशा ठेवल्या नव्हत्या, आणि जाणकार कर्मचारी जवळजवळ सगळेच निवृत्त झाले होते किंवा सोडून गेले होते.

एवढ्यावर कथा संपली असती, तर ‘नोंदी ठेवा’ हा नेहमीचा धडा निघाला असता. पण नवा कारखाना उभारून, उपलब्ध नोंदींबरहुकूम कृती करूनही द्रव्य जमेना. बऱ्याच शोधानंतर कळले की पूर्वी कच्च्या मालात एक अशुद्धी असायची आणि तीच अंतिम द्रव्याला आवश्यक होती. नव्या पद्धतीत कच्चा माल अधिक स्वच्छ होत असल्याने ती निघून जात होती. जुन्या कामगारांनाही या अशुद्धीचे महत्त्व ठाऊक नव्हते. म्हणजे त्यांनी पाहिजे ते सगळे लिहून ठेवले असते, तरी ही गोष्ट त्यांच्या वहीत आली नसती.

अर्थकोशाच्या कल्पनेवरील आमचा सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे. कोश म्हणजे आधी आखलेले रकाने. आपल्याला जे महत्त्वाचे वाटते त्याचाच रकाना आपण आखतो. विज्ञानात मात्र पुष्कळदा नवे ज्ञान रकान्याबाहेरच्या समासातून येते. म्हणून रकाने हवेतच, पण समासही हवा. कच्चा माल कोठून आला, भट्टी कोणती होती, त्या दिवशी काय वेगळे दिसले, हे साध्या वाक्यांत लिहिण्याची जागा हवी. ही वाक्ये वाचण्याचे काम भाषिक प्रणाली उद्या करू शकतील. पण ती आज लिहायला माणूसच लागेल.

प्रयोगवहीचा प्रश्न

मग हा माणूस कोठे घडतो? विद्यापीठात नव्हे, त्याच्या बराच आधी.

अमेरिकेतील फिलाडेल्फियाजवळच्या हॅवरफर्ड या पदवी-महाविद्यालयाचे एक काम येथे आठवते. स्फटिक वाढवण्याचे जे प्रयोग फसतात, त्यांबद्दल कोणी निबंध लिहीत नाही. ते वहीत राहतात. हॅवरफर्डच्या गटाने प्रयोगशाळेतील जुन्या वह्यांतून असे फसलेले प्रयोग गोळा केले आणि यशस्वी प्रयोगांबरोबर तेही संगणकाला शिकवले. २०१६ साली ‘नेचर’मध्ये त्यांनी दाखवले की नव्या स्फटिकांसाठी प्रणालीने सुचवलेल्या परिस्थितींपैकी ८९ टक्के यशस्वी ठरल्या, तर अनुभवी माणसांच्या अंदाजाचे यश ७८ टक्के होते. हे साधले कशामुळे? कोणीतरी वर्षानुवर्षे ‘स्फटिक मिळाला नाही’ असे प्रामाणिकपणे वहीत लिहिले होते म्हणून.

आपल्या शाळांतील प्रयोगवहीत असे वाक्य सापडेल काय? ओहमच्या नियमाचा प्रयोग घ्या. वर्गातील पन्नास वह्यांत सर्व बिंदू एका सरळ रेषेवर नेमके बसलेले असतात. तार तापली, जोड सैल होता, मापकाचा काटा शून्यावर नव्हता, यांतले काहीही कोठे दिसत नाही. मुले हुशार असतात. गुण कशाला मिळतात हे ती लवकर ओळखतात, आणि गुण उत्तराला मिळतात. मग वाचन घेण्याऐवजी उत्तरावरून वाचन तयार होते. ‘नेचर’मधील निबंधात जवळपास जुळणाऱ्या आलेखावर ‘तेच’ असा शेरा पडला, त्या सवयीची सुरुवात येथे आहे.

यावर उपाय खर्चाचा नाही. वाचनासमोर एकक आणि उपकरणाचे लघुतम माप लिहिलेच पाहिजे. चुकलेले वाचन खोडरबराने पुसू नये, त्यावर वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारावी आणि बाजूला कारण लिहावे. घ्यायचे राहिलेले वाचन आणि लागू नसलेले वाचन यांसाठी दोन वेगळ्या खुणा वापराव्यात, सिफमध्ये आहेत तशा. प्रत्येक प्रयोगाखाली ‘काय वेगळे दिसले’ यासाठी चार ओळींची जागा सोडावी. आणि शक्य झाले तर या चार ओळींना दोन गुण ठेवावेत, म्हणजे मुले त्या लिहितील.

मोठ्या विद्यार्थ्यांसाठी एक खेळही सुचवावासा वाटतो. फळ्यावर जोड्या लिहाव्यात: साखर आणि खडीसाखर, कळीचा चुना आणि विरवलेला चुना, बर्फ आणि पाणी, पेन्सिलीतील शिसे आणि ग्रॅफाइट, चोवीस कॅरट आणि बावीस कॅरट सोने. प्रत्येक जोडीसमोर ‘तेच’ की ‘तसेच’ हे ठरवायचे, आणि ‘तसेच’ असेल तर कोणत्या कामापुरते हे एका वाक्यात सांगायचे. वाद होतील. साखर आणि खडीसाखर रसायनशास्त्राच्या दृष्टीने तेच, पण सरबत झटपट करायचे असेल तर तसेही नाहीत. हा वाद रंगला की अर्थकोश करणे किती अवघड आहे, हे मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.

अर्थविषयक तंत्रज्ञानाचे आम्ही विरोधक नाही. ज्या ज्ञानशाखेने स्वतःचे शब्द स्वतः पारखून घेतले, तिला या तंत्रज्ञानाने भरभरून दिले, हे स्फटिकशास्त्राने दाखवले आहे. जेथे ही पारख झाली नाही, तेथे यंत्राने गोंधळ कमी केला नाही, त्याचा वेग वाढवला. संगणक आपल्या शब्दांचा अर्थ लावू शकेल की नाही, हा प्रश्न यापुढेही गाजत राहील. आपल्या वहीतील आकड्याला अर्थ आहे की नाही, हा प्रश्न त्याहून जुना आहे आणि तो दर आठवड्याच्या प्रात्यक्षिकाच्या तासाला आपल्यासमोर असतो.